दुपारी थांबणारी टेप

जळगावच्या आमच्या कारखान्यात ठिबकच्या तोट्या आणि पाइपांचे जोड बनत. त्यांच्या साच्यांची ड्रॉइंग काढायला मुंबईहून एक जुनं वर्कस्टेशन, म्हणजे मोठ्या ताकदीचा कॉम्प्युटर, आणलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ते सांभाळणं माझं काम. एका एप्रिलमध्ये त्याची डिस्क खरखरू लागली. मुंबईचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, डिस्क बदलू, पण आधी सगळं टेपवर उतरवून घ्या.

सगळं म्हणजे मुख्यतः नानांचं काम. नाना आमचे ड्राफ्ट्समन, निवृत्तीला टेकलेले. उतारवयात हट्टाने माउस शिकले आणि ड्रॉइंग बोर्ड भाच्याला देऊन मोकळे झाले. नव्या साच्यांची कागदावर प्रत नव्हती.

"मनं बठ्ठं काम येमाच शे, ताई," ते वर्कस्टेशनवर हात ठेवून म्हणाले. त्यांचं सगळं काम यातच होतं. ऑफिसात ते अहिराणी क्वचितच बोलत.

टेप सकाळी सुरळीत चालायची आणि दुपारी मध्येच थांबायची. थांबली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आजारी डिस्क इतकी रडतखडत वाचली जायची की सकाळी लावलेलं काम दुपारच्या आत संपणं शक्य नव्हतं. संध्याकाळी वीज जायची, म्हणून रात्रीचाही उपाय नव्हता.

"तेले ऊन लागी गयं," नानांनी निदान केलं. कोणालाच शंका आली नाही. जळगावात एप्रिलमध्ये काहीही बिघडलं तरी कारण तेच. टेप चालवणाऱ्या ड्राइव्हचा डबा वर्कस्टेशनपासून वेगळा होता. आत हवा जावी म्हणून त्याचं झाकण काढून ठेवलं आणि कूलर त्याच्याकडे वळवला. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून समोरची पश्चिमेची, एरवी अर्धवट उघडी असणारी खिडकी सताड उघडली. टेप आता आणखी लवकर थांबायला लागली.

मी टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, केबल बदलली, नवी टेप घातली. शेवटी ड्राइव्ह टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीने धुळ्याला गेले. तिथे मैत्रिणीच्या ऑफिसात तसंच यंत्र होतं. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय, बाई?" मी म्हटलं, "रेकॉर्डिंगचं मशीन." "मग लावा की एखादं गाणं!"

धुळ्यात ड्राइव्ह झाकणाशिवायच लावला. भर दुपारी तो बिनबोभाट चालला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी चक्रावले. धुळ्याचा उन्हाळा काय जळगावपेक्षा गार असतो? तिथे कूलरही नव्हता. खिडक्यांना जाड पडदे होते आणि खोलीत दुपारी दिवा लावावा लागत होता. गरमीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. मग उरलं काय? परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जळगावला दुपारी ड्राइव्ह पुन्हा जोडला. थांबला. कुठे अडतंय ते पाहायला मी ओणवी झाले आणि टेप सुरू केली, तर चालली. खुर्चीत येऊन बसले, थांबली. पुन्हा ओणवी झाले, चालली.

"सासू समोर असली की सून कशी कामाला लागते," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही सासरे व्हा. या, माझ्या जागी वाका."

ते वाकले. चालली. बाजूला झाले, थांबली. मी डब्याकडे नीट पाहिलं. नाना हलले की खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा थेट उघड्या ड्राइव्हवर पडत होता.

टेपच्या टोकाजवळ बारीक भोकं असतात. आतल्या दिव्याचा प्रकाश त्यांतून आरपार गेला की ड्राइव्हला कळतं, टेप संपत आली. इथे खिडकीतला उजेडच आत शिरत होता, आधी टेप घालायच्या फटीतून आणि झाकण काढल्यावर सरळ वरून, आणि ड्राइव्हला वाटत होतं, संपली. मी ड्राइव्हवर फाइलचा पुठ्ठा आडवा ठेवला. टेप चालू राहिली. पुठ्ठा काढला, थांबली. खात्रीसाठी मी हे इतक्यांदा केलं की नाना वैतागले. "कळलं ना आता? मग खेळ कशाला?"

झाकण बसवलं, खिडकीची लाकडी दारं लावली, कूलर बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉपी सुरू केली आणि आम्ही दोघं घामाने निथळत दुपारभर तिथेच बसलो. नाना पाणी प्यायलाही उठेनात. टेप भरल्यावर ती पुन्हा वाचून तपासली.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअरने नवी डिस्क बसवली आणि टेपवरचं सगळं तिच्यावर चढवलं. नानांनी पहिलं ड्रॉइंग उघडलं, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. 

"काय गेलं, नाना?"

"गेलं काहीच नाही. इथे माप द्यायचं राहिलंय. माझंच." त्यांनी माउस हातात घेतला आणि मला म्हणाले, "सरका जरा, ताई."