पुसता येईल अशी रेघ

सोळा वर्षं लोखंड कापूनही कृष्णात मिस्त्रीला एक रेघ सरळ ओढता येत नाही, असं कोपरखैरण्याच्या त्याच्या चाळीत सगळेच म्हणत. दाराच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीवर, जिथं जागा मिळेल तिथं त्याची खडूची चित्रं असत; आणि त्यांतली एकही खुर्ची चार पायांवर धड उभी नसे. शेजारचे हौसेराव बाजारात माथाडी, शिवाय साताऱ्याकडचे गाववाले, त्यामुळे त्यांची जीभ अधिक सैल. मास्तरांनी याला पाटी दिली, पट्टी द्यायची राहिली, असं ते चारचौघांत सांगत. कृष्णात हसून चहा पीत राही.

तो पावणे गावातल्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता. चौऱ्याण्णव साली तिथं दिवाळे गावच्या कोळणींचं काम आलं. मासळी विकायला बारा लोखंडी ओटे हवे होते. मालक हितेशशेठ हौशी. त्यांनी ठाण्याहून रीतसर नकाशा करून आणला. गुळगुळीत कागद, निळ्या रेघा, इंचाइंचाची मापं. बायकांनी ओले हात पदराला पुसले, कागद लांबूनच पाहिला आणि छान आहे म्हणाल्या. कृष्णातने नकाशाबरहुकूम पहिला ओटा केला, रंगवला आणि टेम्पोतून पोचवला.

पंधरा दिवसांनी निरोप आला: उरलेले अकरा नकोत. कारण कुणी सांगेना. कृष्णात दिवाळ्याला जाऊन पाहतो, तर त्याच्या ओट्यावर जाळी वाळत होती आणि बायका शेजारीच जमिनीवर, जुन्या फळ्यांवर बसून मासळी कापत होत्या. आपल्या हातच्या कामाची ही गत पाहून तो तसाच परत फिरला.

सोमवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून तो दिवस धरून शेठच्या परवानगीने तो पुन्हा गेला. नकाशा नेला नाही. खिशात फक्त खडू आणि मापाचा टेप. बायकांमध्ये वडीलधारी काशीबाई. तिच्यासमोरच्या फरशीवर त्याने खऱ्या मापाचा एक ओबडधोबड ओटा काढला. ती बघत राहिली आणि फसकन हसली.

“ह्यो ओटा हाय का मेलेला खेकडा? आनी मी बसू कुठं? कोयत्यावर पाय कोन ठेवील, तुजा शेठ?”

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. नकाशातला ओटा उभ्या माणसाचा होता. आणि या बायका जन्मभर बसून, कोयता पायाखाली दाबून कापत आलेल्या. काशीबाईने टाचेने एक बाजू पुसली, चित्रातच मांडी घातली आणि आपल्याभोवती रेघ ओढायला लावली. मग दुसऱ्या आल्या. पाणी लुगड्यावर येऊ नये म्हणून उतार कुठं हवा, यावर दोघींचं चांगलंच वाजलं. संध्याकाळपर्यंत फरशी पांढरीफटक झाली होती. कृष्णातने शेवटच्या रेघांवर टेप धरला आणि मापं हातावरच लिहून घेतली.

नवे ओटे बुटके निघाले, बसायच्या फळीसकट. ज्यावर जाळी वाळत होती तो पहिला ओटाही कापून बुटका केला. बाराही ओट्यांवर बायका बसल्या.

पुढे एकदा हौसेराव बोंबील घ्यायला तिकडे गेले, ओटे पाहून आले आणि कौतुक करता करता म्हणाले, आता तरी एक पट्टी घे बाबा.

“पट्टी हाय माज्याकडं,” कृष्णात म्हणाला. “सरळ रेघेपुढं बायका गप बसल्या. गप बसणारं गिऱ्हाईक मला नको.”