दादाराव घागरे यांचं बेचाळिसावं मरण

पडदा आहे धोतराचा. पांढुर्ण्यातल्या घागरे यांच्या अंगणात, दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर तो वाळतो आहे आणि नोव्हेंबरचं ऊन त्यातून झिरपतं आहे. वारा येतो, धोतर एका बाजूला सरकतं आणि रंगमंच उघडा होतो. डावीकडे तुळस. उजवीकडे बाज. बाजेवर लसूण सोलत बसलेल्या मनकर्णाबाई. आणि मधोमध, छातीवर हात दाबून, डोळे पांढरे करून मरत असलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे दादाराव.

"सरपंच... माझी बैलजोडी... तुमच्या पदरात..." असं म्हणत ते गुडघ्यावर आले. एक हात आभाळाकडे गेला, बोटं थरथरली.

"तिथं मरू नका," लसणावरची नजर न काढता मनकर्णाबाई म्हणाल्या. "आत्ताच सडा टाकला मी. तिकडं पायरीपाशी मरा."

दादाराव उठले, गुडघे झटकले आणि पायरीपाशी जाऊन पहिल्यापासून मरायला लागले.

लोक सकाळी प्राणायाम करतात, तसे दादाराव मरत. तो त्यांचा रियाज होता. चार एकर संत्र्याचा बगीचा आणि थोडी कपाशी हे पोटासाठी. बाकी सगळा जीव सिनेमात. नागपूरकडे जाणारी गाडी पांढुर्ण्याला दोन मिनिटं थांबते, आणि त्या दोन मिनिटांनी या माणसाचं आयुष्य घडवलं. तरुणपणी गणपतीतल्या नाटकात ते असे काही मेले, की नागपूरहून आलेल्या एका सिनेमावाल्याने दुसऱ्या दिवशीच त्यांना गाडीत बसवलं. तेव्हापासून त्रेचाळीस सिनेमे झाले. नायकाचा काका, नायिकेचा बाप, इमानदार हवालदार, गरीब मास्तर. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस सिनेमांत दादाराव मेले. गोळी लागून, विष पिऊन, नदीत बुडून, पोरीच्या मांडवात हृदय बंद पडून. उरलेल्या दोनांपैकी एकात ते सुरुवातीपासूनच हार घातलेल्या फोटोत होते. दुसऱ्यात ते वाचले असते, पण तो सिनेमाच त्यांच्याआधी मेला, अर्ध्यात बंद पडला.

मरणात त्यांचा एक नियम होता. 'कट' म्हणेपर्यंत मेलेला माणूस मेलेलाच. एकदा बकरीने त्यांचा कान चाटला, ते हलले नाहीत. एकदा दिग्दर्शक 'कट' म्हणायचंच विसरला आणि सगळी मंडळी जेवायला गेली; दादाराव पाऊण तास उन्हात मेलेले पडून होते, वरण संपेपर्यंत.

आणि गावात त्यांना नाव काय पडलं होतं? हॉलीवूड! वीसेक वर्षांपूर्वी पेंचच्या जंगलात एक परदेशी कंपनी आली होती. दादाराव त्यात जंगलाचे वाटाडे झाले आणि वाघाने त्यांना खाल्लं. वाघ म्हणजे हिरवे घट्ट कपडे घातलेला एक गोरा होता. खरा वाघ नंतर मशीनवर चिकटवणार होते. "साहेब, टायगर!" एवढं इंग्रजी बोलून दादाराव त्या हिरव्या माणसाच्या अंगाखाली असे तडफडले, की तो बिचारा उठून "आर यू ओके?" म्हणत पाणी आणायला पळाला. तेव्हापासून पानठेल्यावर हाक येई, "काय हॉलीवूड, आज कोणाच्या हातून?"

एवढी कीर्ती, पण घरातल्या माणसाने त्यांचं काम पाहिलं नव्हतं. म्हणजे एकदा पाहिलं होतं. अकरा मिनिटं.

ते वर्ष एकोणऐंशीचं. पहिला सिनेमा गावच्या टॉकीजला लागला आणि अख्खी आळी नव्या सुनेला घेऊन निघाली. तेव्हा टॉकीजमध्ये बायांची बाजू वेगळी, मधे कमरेएवढी भिंत. मनकर्णा लाल लुगडं नेसून पहिल्या रांगेत. अकराव्या मिनिटाला दरोडेखोराची बंदूक धडाडली आणि पडद्यावरचे दादाराव विहिरीच्या काठावर कोसळले. मनकर्णेने जी किंकाळी फोडली, ती म्हणतात जाम नदीच्या पलीकडे सावरगावात, तिच्या माहेरी ऐकू गेली. शेजारच्या वच्छलाआत्याचा तोल सुटला. तिने रडत रडत मनकर्णेचा हात ओढला आणि बांगड्या फोडायला घेतल्या. दोन फुटल्याही!

"अवो आत्या, थांबा! मी हावो इथं! जिता हावो!" भिंतीपलीकडून दादाराव खुर्चीवर चढून ओरडले.

अंधारातून कोणीतरी खेकसलं, "बसा खाली! मेलेल्या माणसानं मधात बोलू नये!"

घरी आल्यावर मनकर्णेने शब्द टाकला. "ज्या सिनेमात तुम्ही शेवटपर्यंत जिते राहसान, तोच मी पाहीन." आणि मग एक रीतच पडली. दादारावांचा सिनेमा लागला, की मनकर्णाबाई बाजारात जात आणि नव्या हिरव्या बांगड्या भरून येत. सिनेमा टॉकीजमधून उतरेपर्यंत त्यातली एकही हातातून काढत नसत. कासाराने तर एकदा दादारावांनाच विचारलं होतं, "औंदा नाही मेले काय? धंदा मंदा हाय."

आता दादारावांच्या मनात एकच टोचणी होती. गुडघे बोलायला लागले होते, चष्म्याचा नंबर वाढला होता. अजून एखादा सिनेमा मिळेल, फार तर दोन. तिने एकदा तरी बघावं, आपण काय करत आलो ते.

त्या दिवशी ते पायरीपाशी पुरते मरणार, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेलेला माणूस ताडकन उठून बसला.

फोन सौंसरहून होता, सुप्रिया गजभियेचा. पोस्टातल्या मधुकर बाबूंची ही मुलगी पुण्याला सिनेमा शिकून आली होती आणि आपला पहिलाच सिनेमा बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यात करणार होती. नायिकेच्या बापाचं काम, बारा सीन!

"बारा?" मनकर्णाबाईंनी लसूण खाली ठेवला. "मरायला बारा सीन काहून लागतात?"

आणि आनंदाच्या भरात, बारा सीनच्या नशेत, दादाराव बोलून गेले, "अवं, याच्यात मी मरतच नाही. शेवटपर्यंत जिता हावो!"

मनकर्णाबाईंनी मांडीवरची लसणाची टरफलं झटकली. मग पदराला हात पुसत उठल्या आणि कुंपणावरून हाक मारली, "ऐकलं का वो, सिनेमा पाह्यला जाचं हाय आपल्याले!" संध्याकाळपर्यंत आळीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी नवी साडीही आली, जांभळ्या काठाची.

दादाराव पहिल्या बसने सौंसरला गेले.

"बाई, मले जितं ठेवा."

सुप्रिया हसली. "काका, पुरी स्टोरीच तुमच्या मरणावर हाय. तुम्ही मेल्यावर ती पोरगी मुंबईहून घरी येते."

"बिमार पाडा. बापाच्या बिमारीत येतीनच पोरी."

"बिमारीत व्हिडिओ कॉल करतात, काका."

"मंग पाय मोडा माह्या."

"पाय मोडल्यावर पैसे पाठवतात."

"दोन्ही मोडा!"

"काका," सुप्रिया त्यांचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्यासारखं मरणारं माणूस छिंदवाड्यापासून नागपूरपर्यंत कोणी नाही. म्हणून तं तुम्हाले घेतलं."

इथे दादाराव हरले. कलावंताला शिवी पचते, स्तुती पचत नाही. परतीच्या गाडीत सौंसर ते पांढुर्णा ते गालातल्या गालात हसत होते आणि घराच्या फाटकाशी आल्यावर त्यांना आठवलं, की आपण गेलो होतो कशासाठी. आत मनकर्णाबाई नवी साडी अंगाला लावून आरशात बघत होत्या. सांगायला तोंड उघडलं आणि दादारावांनी त्यात पोहे कोंबले.

अकरा सीन झाले. बाराव्याचा दिवस उगवला आणि दादाराव एवढ्या घाईने घरातून निघाले, की रक्तदाबाची गोळी खिडकीतच राहिली.

बोरगावच्या बगीच्यात झाडं संत्र्यांनी वाकली होती. सीन साधा होता. म्हातारा बाप शिडीवरून वरच्या फांदीचं संत्रं तोडतो, छातीत कळ येते, खाली येऊन झाडाच्या बुडाशी पडतो, हातातलं संत्रं घरंगळत जातं. मग कॅमेरा नुसता त्याच्याकडे बघत राहतो, पुरा एक मिनिट.

"ॲक्शन!"

दादाराव मेले. काय मेले! तोडणीसाठी आलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मधुकर बाबूंनी टोपी काढली. संत्रं घरंगळून बरोबर ठरल्या जागी थांबलं. शांतता. आणि त्या शांततेत एका काळ्या मुंगीने दादारावांच्या मानेवरून कानाकडे प्रवास सुरू केला.

मुंगी कानाच्या पाळीला पोचली होती, तेव्हा दादारावांना किणकिण ऐकू आली. बांगड्यांची. डोळे मिटलेल्या त्या माणसाने ती किणकिण शंभर बायांतून ओळखली असती.

मनकर्णाबाई गोळी घेऊन आल्या होत्या. पांढुर्ण्याहून बसने सौंसर, तिथून ऑटोने बोरगाव. त्यांना तोडणीवाली समजून कोणीच अडवलं नाही. त्या सरळ झाडाखाली आल्या आणि उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षांनी नवऱ्याला मेलेलं बघत. कोणीतरी धावणार होतं, पण सुप्रियाने हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. कॅमेरा चालूच राहिला.

मनकर्णाबाई खाली बसल्या. पदराने मुंगी झटकली.

"अवो. उठा. गोयी नाही खाल्ली सकाऊन."

प्रेत हललं नाही.

"मले म्हने, शेवटपर्यंत जिता हावो. हे जितं हाय?" त्यांनी घरंगळलेलं संत्रं उचलून पदराला पुसलं. "लगीन झालं तवा, पांढुर्ण्याच्यानं आपली पोरगी नेली म्हणून, सावरगावची सारी पोट्टी गोटे घेऊन उभी होती तुमच्यासाठी. तवा नाही मेले. अन् आता या झाडाखाली मरून राहिले?"

आतल्या आत दादारावांची धांदल उडाली होती. 'कट' कोणी का म्हणत नाही? बकरी, वाघ, पाऊण तासाचं ऊन, सगळं सोसलं होतं. एक पापणी हलवली, तर पंचेचाळीस वर्षांची इभ्रत गेली.

मनकर्णाबाईंनी संत्रं त्यांच्या तळव्यात ठेवलं आणि बोटं मिटवली. आवाज खाली आला.

"किती बांगड्या भरू मी आता? उठा जी."

दादारावांनी एक डोळा उघडला.

"मनकर्णे," ते ओठ न हलवता पुटपुटले, "कट व्हाचा हाय अजून."

"कट गेला उडत! आ करा!"

त्यांनी आ केला. गोळी आत गेली. वर संत्र्याची एक फोड गेली. तेव्हा कुठे, डोळे पुसत आणि खिदळत, सुप्रियाने "कट" म्हटलं, आणि बगीचाभर अशा टाळ्या पडल्या की वटवाघळं उडाली.

दादाराव मान खाली घालून तिच्यापुढे उभे राहिले. "माफी, बाई. शॉट खराब झाला. असं माह्याकडून कधी झालं नाही. पुन्हा मरतो, एका टेकमधी."

"काका, आता तुम्ही मेले तं लोक मले मारतीन! हाच शॉट राहीन. बाप जिता."

"मंग ती पोरगी मुंबईहून कशी येईन?"

"बाप असा पडला अन् मायनं असा उठवला, हे कानावर गेल्यावर कोणती पोरगी थांबते?"

मनकर्णाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मंजे हे मरत नाही?"

"मी का तुह्याशी खोटं बोललो होतो?" दादाराव म्हणाले, आणि तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड संवाद होता.

सिनेमा पांढुर्ण्याला लागला तो वैशाखातल्या रविवारी, दुपारी बाराच्या खेळाला. टॉकीज तेच, बायांची भिंत मात्र केव्हाच गेलेली. मनकर्णाबाई जांभळ्या काठाची साडी नेसून नवऱ्याशेजारी बसल्या. कासाराकडे त्या दिवशी गेल्या नव्हत्या. पहिल्या सीनपासून त्यांनी दादारावांचं मनगट धरून ठेवलं.

शिडीचा सीन आला. धरलेल्या मनगटात नखं रुतली. पडद्यावर म्हातारा पडला, आणि मग किणकिण करत त्या स्वतःच पडद्यावर आल्या, टॉकीजएवढ्या मोठ्या! शिट्ट्या सुरू झाल्या. 'कट गेला उडत'ला पोरं खुर्च्यांवर चढली.

"बाप्पा! जुनंच लुगडं होतं माह्या अंगावर," मनकर्णाबाई कुजबुजल्या. "सांगाचं तरी."

शेवटच्या सीनमध्ये म्हातारा ओट्यावर बसून मुलीसाठी संत्रं सोलतो. बोलणं नाही, संगीत नाही. पांढरी शीर न शीर काढलेली एकेक फोड आणि ते हात. दादारावांनी तेव्हा पडद्याकडे बघितलंच नाही. ते बायकोकडे बघत होते. तिची पापणी लवत नव्हती.

"आता तं नाही मरत नं?"

"नाही."

"नक्की?"

अक्षरं वर सरकायला लागली, तेव्हा तिने मनगट सोडलं.

बाहेर उन्हात गर्दीने मनकर्णाबाईंना घेरलं. पोरी गळ्यात हात टाकून फोटो काढत होत्या, पानठेल्यावरून "हॉलीवूडीनबाई, इकडं पाहा!" अशा हाका येत होत्या, आणि कोणाला तरी त्या 'कट गेला उडत' पुन्हा म्हणून दाखवत होत्या, हातवाऱ्यांसकट. दादाराव बाजूला त्यांची पिशवी धरून उभे होते. जरा सवड मिळाली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मी कसं काम केलं?"

"तुम्ही?" मनकर्णाबाईंनी विचार केला. "तुम्ही तं पडून होते." मग त्यांचा चेहरा पाहून पदर सावरत म्हणाल्या, "पन संत्रं असं घरी कधी सोललं नाही जी तुम्ही. घरी चला, उद्यापासून तुम्हीच सोला." आणि पुन्हा फोटोला वळल्या.

सुप्रिया गर्दीतून वाट काढत आली. "काका, कसं वाटलं?"

दादारावांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि फोटोसाठी मान वाकडी करून उभ्या असलेल्या बायकोकडे बघत म्हणाले, "बाई, पुढच्या सिनेमात मले पयल्याच सीनमधी मारून टाका. जिता राहिलो तं साऱ्या टाळ्या हीच घेऊन जाते!"