कोलूपुढची राणी

कनकाबाई साठी उलटल्यावरही पीएच.डी.च्या मागे होत्या, आणि तीही कुणावर? चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईवर, जिने एकच नाटक लिहिलं आणि ते कुणी कधी रंगभूमीवर आणलं नाही. सात वर्षं झाली. नुंगंबाक्कमच्या त्या फ्लॅटमध्ये नवऱ्यापेक्षा त्या बाईचीच विचारपूस जास्त व्हायची.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रकरणापाशी. परीक्षक विद्याधर सरांनी शेरा मारला: हे नाटक करता येण्यासारखं नाही, प्रकरण गाळा. गाळा म्हणे! कनकाबाईंचा तिळपापड झाला. करूनच दाखवते, या बघायला, असं त्यांनी कळवून टाकलं.

नट कुठून आणायचे? नवरात्र तोंडावर होतं. घरी कोलू मांडलेला, पायऱ्यांवर बाहुल्या, रोज संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका. आलेलीने एक गाणं म्हणायचं, मग तिला हरभऱ्याचं सुंडल मिळायचं, ही रीत. यंदा कनकाबाई गाण्याऐवजी नाटकाचं पान हातात देऊ लागल्या. कांजीवरम नेसलेल्या बायका राजाला विष पाजू लागल्या. सुंडलासाठी माणूस काय काय करतो!

सरांना सवड मिळाली ती नेमकी नवव्या दिवशी, सरस्वतीपूजेला. सर येऊन टेकले आणि कनकाबाई पाहतात तो काय, त्यांच्या यजमानांनी, सेतुमाधवांनी, पुस्तक, सगळ्या झेरॉक्स प्रती, लॅपटॉप, झालंच तर बायकोचा फोनसुद्धा पूजेत मांडून वर चंदन लावलेलं!

"अहो, तें पुस्तक द्या की!"

"आज पुस्तक वाचूं नये, कनका. उद्यां काढूं."

"सर उद्यां सकाळीं विमानांत बसतात!"

"सरस्वती कोठें विमानांत बसते?"

कनकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बायकांना मात्र त्याचं काय? आठ संध्याकाळी घोकलेलं त्यांनी बिनधास्त सुरू केलं. राजा मेला, प्रधान रडला. राणीचं शेवटचं भाषण कनकाबाईंचं. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना एक शब्द आठवेना. सात वर्षं त्यांनी ते पुस्तकात बघूनच वाचलं होतं. लाजेने जीव नकोसा झाला.

तेवढ्यात नाटकात दासीचं काम करणारी वरच्या मजल्यावरची त्रिपुरसुंदरी पुढे सरसावली. इंग्रजीशी तिचा संबंध बेताचाच. पण रोज शेजारी बसून ऐकलेलं ते भाषण तिने खणखणीत तमिळ हेलात सुरू केलं. कनकाबाई मटकन खाली बसल्या. हे नाटक त्यांनी हजारदा वाचलं होतं, पाहत होत्या आज पहिल्यांदा. डोळ्यांना धार लागली.

"बाई," सर कानाशी वाकून म्हणाले, "प्रकरण गाळू नका. मी सही करून—"

"शू!" कनकाबाईंनी परीक्षकांना गप्प केलं. "राणी बोलते."