बदलायची राहिलेली पिन

“धनराज मिस्त्री तारेले भेते,” असे शेजारी म्हणत. आरमोरीच्या रस्त्यावरच्या त्याच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात सगळे मिळे, तारेचा तुकडा तेवढा सापडत नसे. झाडूसुद्धा सुतळीने बांधलेला. “अन् ब्रेकचं काम त्याच्याकडे नेऊच नका. तीनदा खोलते, तीनदा लावते, मंग तळ्याच्या पाळीवर स्वतः चालवून पाहते. तवरिक आपण पायी घरी पोचतो!” हसून झाले की गाडी त्याच्याकडेच नेत.

हसण्याचे त्याला काही वाटत नसे. तार का नको, हे मात्र त्याने कुणालाच सांगितले नव्हते.

भात निसवण्याच्या दिवसांत रंभाबाईने बैलगाडीत घालून नवऱ्याची राजदूत मोटारसायकल आणली. वामनराव गेल्यापासून एकोणीस वर्षे ती गाडी गुरांच्या कोठ्यात भाताच्या तणसाखाली पडून होती. वळणावर रानडुक्कर आडवे आले आणि वामनराव पुलाच्या कठड्यावर आदळले, एवढे गावाला ठाऊक होते.

“दिवाळीले ज्योत्स्ना येते,” रंभाबाई म्हणाली. “बाप गेला तवा पोरगी दोन वर्षाची होती. म्हणते, बाबाच्या गाडीचा आवाज तरी आयकव. तुमच्याच हातची गाडी आहे, भाऊ.”

हातचीच होती. अपघाताच्या आठ दिवस आधी मागच्या ब्रेकच्या दांडीची पिन तुटली म्हणून वामनराव दुकानात आले होते. पिन शिल्लक नव्हती. धनराजने कुंपणाच्या तारेचा बोटभर तुकडा घालून वाकवला. “सध्या काम चालवा. पिन आली का बोलावतो.” पिन तिसऱ्याच दिवशी आली. भाताच्या रोवणीची घाई होती. निरोप धाडायचा राहिला. ती पिन अजून खिळ्यांच्या डब्यात होती.

दहा दिवस त्याने ब्रेक सोडून सगळे केले. सायलेन्सरमधले उंदरांचे घरटे काढले. टाकीत नदीचे खडे घालून ती हलवली. गंज सुटताना आत कुणी दात खात असल्यासारखे वाटे. ब्रेकच्या पेडलवर त्याने पोते टाकून ठेवले होते. अकराव्या दिवशी, भर दुपारी, ते उचलले.

तार होती. अर्धीच. एक टोक झिजून सुईसारखे झालेले, दुसरे नाहीच. दांडी पेडलपासून सुटून लोंबत होती.

तारेचा तुकडा त्याने खिशात टाकला आणि डब्यातली पिन काढून लावली. तीनदा खोलली, तीनदा लावली. मग किक मारली.

आवाज ऐकून रंभाबाई मागच्या आळीतून धावत आली. पदर तोंडाशी धरून कितीतरी वेळ सीटवर हात ठेवून उभी राहिली. मग हातानेच पेडल दाबून पाहिले.

“ब्रेक तं लागते चांगला. त्या डुकरानंच घात केला माहा, नाई भाऊ?”

नुसती मान हलवली तरी भागले असते. एकोणीस वर्षे सगळ्या गावाने त्याच्यासाठी ती हलवली होती. धनराजने गाडी बंद केली आणि खिशातला तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला.

“डुकरानं नाई, बाई. माह्या तारेनं.”