तिसरं कोण?

कटुंगू बुटेंबो शहरातल्या शाळेत गणित शिकवायची. इबोलाची साथ आली आणि लसीकरणाच्या पथकाने तिला बोलावून घेतलं. साथ कुठवर पसरेल, हे तिने गणिताने काढायचं होतं. कितीजणांनी लस घेतली, आजाऱ्याला कोण शिवलं, प्रेताला आंघोळ कितींनी घातली, सगळं त्यात धरायचं. नुसत्या लशीने भागत नाही, माणसं कशी वागतात त्यावरही उत्तर हलतं, हे तिला लवकरच कळलं. आकड्यांना चेहरे नसतात म्हणून काम जमायचंही.

मग आकडा आला तो तिच्या आजोळचा. डोंगरातल्या त्या वाडीत तिची मामी, म्बाम्बू, गेली होती.

पथकाबरोबर ती पोचली तेव्हा पालुकूमामा प्रेताशेजारी बसला होता. बायकांनी आंघोळीचं पाणी तापवलं होतं.

"मामा, हात लावू नका."

"उभा जन्म हिच्या हातचं खाल्लं. आणि आता हात लावायचा नाही?"

कटुंगू दारातूनच म्हणाली, "सगळ्यांनी लस टोचून घेतली, मामीला पथकाने पुरलं, तरी वाडीतली अजून तीन माणसं जातील. आंघोळ घातलीत तर अर्धी वाडी जाईल."

मामाने मान वर केली. "तीन? कोण कोण?"

"ते गणितात दिसत नाही."

"दिसत नाही, की सांगत नाहीस?"

तो उठला आणि अंगणात जाऊन सगळ्यांना जसंच्या तसं सांगून आला. बायकांनी पाणी ओतून दिलं. मामीला पथकाने पुरलं, माणसं लांबून गायली. मग एकेकाने दंड पुढे केला.

लशीचं बळ अंगात यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. त्याच्या आतच मामीला भरवणारी शेजारीण बीरा गेली. पाठोपाठ चर्चमधला प्रार्थना सांगणारा गेला. आजारी मामीला उचलताना त्याने तिचं डोकं धरलं होतं.

त्यानंतर वाडी मिटली. कसाव्याचा पाला भाजीसाठी कुटायला बायका एकत्र येईनात, उखळं पालथी पडली. चर्चला कुलूप. पाणवठ्यावर एक दिसली की दुसरी झाडाआड थांबे. कटुंगू ताप तपासायला आली की एकेक दार लागत जाई. एका दाराआडून आवाज आला, "पोरी, मोजू नकोस आम्हाला. पुढं जा."

ती पुढे गेली. पण फटीतून दिसेल त्या चेहऱ्यावर तिची नजर थबकू लागली. हा? की ही? एकदा चुलीपुढे बसलेला मामा खोकला, आणि तिच्या मनात चटकन येऊन गेलं, *हं, जुळलं.* क्षणभर तिला हायसं वाटलं. मामा डोळे पुसत म्हणाला, "धूर गं, नुसता धूर." ती बाहेर पळाली आणि त्या दिवशी पुन्हा कुणाच्या दारात गेली नाही.

तिसरं कुणीच गेलं नाही. साथ वाडीतून उठली.

मामा म्हणाला, "तुझं गणित चुकलं."

"चुकलं. माणसं थोडीफार तरी एकमेकांना भेटतील, असं मी धरलं होतं. तुम्ही तर दारच उघडलं नाहीत."

"उघडणार कसं? तिसरं कोण व्हायचं? म्हणजे तुझ्या आकड्याला भ्यालो म्हणून जगलो. मग तो आकडा खरा होता की खोटा?"



ती शाळेत परतली. वर्गात पोरं मोठ्याने आकडे म्हणू लागली की ती त्यांना मनातल्या मनात म्हणायला लावी.

पुढे एका सणाला ती आजोळी गेली. वाडी भरलेली होती, उखळं वाजत होती. मामाच्या अंगणातल्या बाकावर मामा आणि एक म्हातारी बसली होती, समोर फुफूचं, कसाव्याच्या पिठाच्या उकडीचं ताट. कटुंगू त्यांच्याजवळ टेकली. म्हातारी उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवख्याला अंधारातली पायरी दाखवावी तसं तिने बोटाने बाक दाखवला.

"त्या साथीपासून तिघं बसत नाहीत इथं, चौथं लागतं," मामा हळूच म्हणाला, आणि त्याने घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, कुणीतरी एक बाहेर या! जेवण निवतंय."

बाकावर दोघंच होती, येणारं तिसरं ठरलं असतं; आतून कुणी ओ दिली नाही. ताटातला फुफू निवत गेला आणि म्हातारी भिंतीशी उभीच राहिली.