नाम्याचा धाकटा हायड्रोजन

आईची शपथ, खाली लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे माणसं खरी आहेत, बैलही खरे आहेत. मधली मधली वाक्यं जराशी माझी आहेत. किस्से हे गोठ्यातल्या शेणासारखे. आज उचला, उद्या सकाळी पुन्हा हजर! त्या ढिगातले थोडे थापून वाळवले, एवढाच माझा गुन्हा.

वाशीमला वहाबच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं मॅट्रिकचा अभ्यास करायचो: मी, वहाब आणि रिठदचा नामदेव, म्हणजे नाम्या. मी आणि वहाब पहिल्यांदाच बसणार होतो. नाम्या आधी आपटून आलेला. त्याच्या बापानं खोलीवर येऊन सगळ्यांदेखत बजावलं होतं, "यंदा फेल झाला त घरचा म्हतारा बैल सोडतो अन् त्याच्या जागी तुले जुपतो!"

वहाब म्हणाला, "काका, जुपायच्या आधी दात त पाहून घ्या!"

बाजारात बैलाचं वय दात पाहूनच ठरवतात. नाम्यानं बिचाऱ्यानं तोंड उघडलंसुद्धा!

*

आमचे काळे सर नोट्स सांगायचे. सांगायचे म्हणजे ओतायचे. "एकही शब्द सोडायचा नाही!" हा त्यांचा हुकूम. वहाब हुकमाचा पक्का. सहामाहीच्या पेपरात त्यानं लिहिलं, "काळी जमीन ओल धरून ठेवते, नाम्या खिडकीतून थुंकू नकोस, म्हणून ती कापसाला उत्तम."

सरांनी पेपर वर्गात फडकवला. "हे काय आहे?"

"तुमचंच आहे, सर. मी फक्त पाठ केलं!"

सरांनी मार्क कापले नाहीत. कापायचे कुणाचे, हाच प्रश्न होता.

*

भूमितीची प्रमेयं वहाब कडक कागदाच्या पट्ट्यांवर लिहायचा. त्याच्या अब्बांना कॉलरीत घालायला तसलाच कागद लागायचा. व्हायचं तेच झालं. काटकोन त्रिकोण शेजारच्या मालेगावच्या एका पाटलाच्या कोटात शिवला गेला!

"आता?" मी विचारलं.

"आता काय यार, पाटील बाजाराले आला का मागं मागं फिरायचं."

आणि खरंच फिरला! पाटील पुढे, हा मागे, कॉलरीवर नजर ठेवून पुटपुटतोय. पाटील शेवटी गर्रकन वळले. "काहून बे, माह्यामागं मंत्र मारून राह्यला?"

"नाही पाटील, तुमच्या मानेखाली माही भूमिती हाये!"

ते प्रमेय त्याला जन्मभर पाठ राहिलं.

*

छप्पन्नच्या नोव्हेंबरात तर राज्यच बदललं. आपलं राज्य कोणतं, त्याच्या सीमा कोणत्या, हे घोकून घोकून आमचे घसे बसलेले. काळे सर वर्गात आले नि म्हणाले, "मध्य प्रदेश खोडा. मुंबई राज्य लिहा."

नाम्यानं हात वर केला. "सर, पेन्सिलीनं लिहू?"

सगळा वर्ग हसला. तीनेक वर्षांनी पुन्हा खोडायची वेळ आली, तेव्हा शाईवाल्यांना नाम्या आठवला!

*

नाम्याला वहीतलं काही म्हणजे काही राहत नसे. वावरातलं मात्र सगळं राहायचं. म्हणून त्यानं सायन्सच वावरात नेलं. मोटेची जोडी अंगानं हलकी आणि डिवचली की भडकणारी, म्हणून एक थोरला हायड्रोजन, एक धाकटा हायड्रोजन. गोठ्यातला म्हातारा बैल कशातच भाग घेत नाही, म्हणून नायट्रोजन. आणि मोट हाकणारा बाप? ऑक्सिजन!

"बाप काहून?" मी विचारलं.

"त्याच्याबिगर जगता येत नाही, अन् आग लावाले मदतबी तोच करते!"

दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एकत्र आले की विहिरीतून पाणी वर. झाला धडा पाठ! आपण वायू आहोत हे बापाला माहीत नव्हतं, पण बैलांची नावं त्यानं उचलली होती. सुट्टीत मी रिठदला गेलो, तर तो बांधावरून ओरडत होता, "अबे, नायट्रोजनले पेंड टाक!"

*

ऐन परीक्षेच्या तोंडावर बापानं धाकटा हायड्रोजन विकला. नाम्याच्या फीपायीच विकला. केनवडचा माणूस घेऊन गेला. नाम्या खोलीवर आला तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"पानी गेलं," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"डोये मिटले का मोट दिसते. थोरला एकटाच उभा हाये. बाप नुसता हाका मारून राह्यला. पुढचं कायी आठवत नाही."

वहाबनं तोड काढली. "इतकंच ना यार! थोरल्यासंगं नायट्रोजनले जुप!"

"त्याचा अमोनिया होते," नाम्या म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

*

सायन्सच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे साहेब आले होते. कोट, टाय, जाड चष्मा. काळे सर बाजूला उभे राहून घाम पुसत होते. मी आणि वहाब दाराच्या फटीला डोळे लावून.

साहेबांनी विचारलं, "पाणी कशाचं बनतं?"

नाम्यानं डोळे मिटून मोट आठवून पाहिली. मग तोंडातून निघालं, "दोन हायड्रोजन अन् बाप."

काळे सरांनी डोळे मिटून घेतले.

"बाप?"

"चुकलं, साहेब. ऑक्सिजन." नाम्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पन आता नाही बनत."

"का नाही बनत?"

"धाकटा हायड्रोजन इकला, साहेब. माह्या फीपायी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. आणि आमचा कानांवर विश्वास बसेना अशा अस्सल वऱ्हाडीत विचारलं,

"किती दाती होता?"

"चार दाती, साहेब. पांढरा."

"जाय," साहेब म्हणाले.

नाम्या पास झाला.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. या शेवटच्या किश्श्यात एक वाक्य मी पदरचं घातलंय: नाम्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते. चष्मा साहेबांनी काढला होता.