बटण कोण बंद करतं

माझ्या काकांनी उभा जन्म लोकांचे शर्ट इस्त्री करण्यात घालवला, आणि लाँड्री विकल्यावर ते फळं सुकवायला लागले. हौस वगैरे काही नाही. काकूंचं जेवण सुटलं होतं. विसरायला लागल्यापासून त्या ताटावर बसायच्या आणि ‘माझं झालं की मघाशीच’ म्हणून उठायच्या. पण गाऊनच्या खिशात सफरचंदाच्या कुरकुरीत चकत्या असल्या, की दिवसभर येता-जाता तोंडात टाकायच्या. डॉक्टर म्हणाले, काही का होईना, पोटात जाऊ दे. मग काकांनी सुकवायचं मशीन आणलं.

तेव्हापासून डोक्याला भुंगा. सकाळी काका चकत्या कापणार, लिंबाच्या पाण्यात बुडवणार, जाळीवर एकेक निगुतीनं मांडणार. संध्याकाळी उघडावं तर सगळ्या ओलसर, चिवट. काकू एक चावून थुंकून टाकायच्या.

“तू जाड कापतेस,” काका माझ्यावर घसरले.

आता मी सुरीला हातसुद्धा लावला नव्हता. वरच्या मजल्यावरून मदतीला येते, त्याचं हे बक्षीस. मग चकत्या पातळ केल्या, सफरचंदाऐवजी पेअर आणले, प्लग बदलला. मेकॅनिकनं समोर बसून मशीन चालवून बघितलं आणि ‘ठणठणीत आहे’ म्हणून निघून गेला. काकू मात्र वाळत चालल्या होत्या. मला काही समजेना, काकांना तर त्याहून नाही.

एका दुपारी मी ओट्यापाशी भांडी पुसत होते. काकू आल्या, खिडकीची कडी बघितली, मशीनचं बटण बंद केलं, दिवा घालवला आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, “अहो, सगळं बंद केलंय. लावा कुलूप.”

खुर्चीतले काका सवयीनं उठले आणि खिशात किल्ली चाचपायला लागले. मग माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले.

लाँड्रीत शेवटची फेरी काकूंची असायची. एकदा गरम इस्त्री चालू राहून टेबल जळालं होतं, तेव्हापासून त्यांनी कुणावर भरवसा ठेवला नव्हता.

“बटणावर चिकटपट्टी लावू या,” मी म्हटलं.

“नको. करू दे तिला.”

मला रागच आला. पण काकांनी तेच चालू ठेवलं. काकूंनी बंद करायचं, त्या वळल्या की यांनी हळूच चालू करायचं. चकत्या उशिरा व्हायच्या, पण व्हायच्या. काकू खाऊ लागल्या.

परवा खाली गेले तर बरणी भरलेली. चकत्या कडक, कट्कन मोडणाऱ्या.

“काका, आज लवकर जमलं की.”

“मी बटणाला पुन्हा हात लावला नाही,” ते म्हणाले. “सकाळपासून चालूच आहे.”

आनंद मानावा की काय करावं, मला कळेना. काकांनी उठून मशीन बंद केलं, दिवा घालवला आणि काकूंसमोर जाऊन उभे राहिले.

“सगळं बंद केलंय. लावू कुलूप?”

काकूंनी चकती खाता खाता वर बघितलं.

“कशाला?”